लेथ घेण्याआधी प्रोसेस शीट: माल, वीज, तेल आणि पाणी वाचवणारं मशीनिंगचं प्लॅनिंग



चोपडा, अडावद, धरणगाव, शिरपूर, अशा गावांतून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "सर, लेथ सहा फुटी घेऊ की आठ फुटी? नवीन घेऊ की सेकंडहँड?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न कुणीच विचारत नाही. तो म्हणजे, या लेथवर जे जॉब करणार, त्यात किती माल चिप्समध्ये जाईल, किती वीज रिकामी जळेल आणि जळकं तेल कुठं जाईल?

"पर्यावरण" हा शब्द ऐकला की आपले बरेच जण म्हणतात, ते मोठ्या कंपन्यांचं काम आहे भो, आपलं काय दोन लेथचं वर्कशॉप. पण छोट्या वर्कशॉपमध्ये पर्यावरणाचं नुकसान आणि खिशाचं नुकसान एकाच ठिकाणी होतं. वाया गेलेला लोखंडी बार, रिकामी फिरणारी मोटर, आठवड्यात नासलेलं कुलंट, या तिन्हींचं बिल तुम्हीच भरता. त्यामुळे हा लेख झाडं लावण्यावर नाही, प्लॅनिंगवर आहे. कर्ज काढून मशीन घ्यायच्या विचारात असाल तर आधी हा वाचा, कारण यातले बरेचसे निर्णय मशीन यायच्या आधीच घ्यायचे असतात.

आधी आपली जमीन समजून घ्या

आपला भाग सातपुडा आणि तापी यांच्या मधला. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि माती मिसळलेला जाड थर आहे. भूजलाची माणसं त्याला बझाडा म्हणतात. खाली तापीकडे आलं की गाळाचा पट्टा लागतो. या जमिनीत पाणी चटकन मुरतं. म्हणून तर इथे केळी झाली आणि २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण जी जमीन पाणी पटकन पिते, ती तेलही पिते. वर्कशॉपच्या मागे ओतलेलं जळकं ऑइल किंवा नासलेलं कुलंट तिथंच थांबत नाही, हळूहळू खाली उतरतं आणि खाली कुणाची तरी विहीर किंवा बोअर असते. गाडीच्या एका ऑइल चेंजमधलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं लोकांना सांगतं. आपल्याकडे तेच पाणी केळीला जातं आणि घरात प्यायलाही येतं.

आता एक प्रत्यक्ष ऑर्डर घेऊ आणि तिच्यावर सगळं प्लॅनिंग करू.

उदाहरण: १०० पिनांची ऑर्डर

समजा, ट्रॅक्टर ट्रॉली बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरने तुम्हाला १०० पिना सांगितल्या. लांबी २०० मिमी, फिनिश व्यास ३८ मिमी, एका टोकाला स्प्लिट पिनसाठी आडवं छिद्र. तुमच्याकडे ५० मिमीचा बार पडलेला आहे. "आहे तोच वापरू, छिलून टाकू" असा मोह होतो. थांबा, आधी कॅल्क्युलेटर काढा.

बाजारात गोल बारच्या वजनाचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोमध्ये निघतं.

- ५० मिमी बार: मीटरला १५.४३ किलो, म्हणजे २०० मिमीच्या तुकड्याला ३.०९ किलो
- ४० मिमी बार: मीटरला ९.८८ किलो, तुकड्याला १.९८ किलो
- तयार ३८ मिमी पिन: १.७८ किलो

५० चा बार घेतला तर एका पिनेमागे १.३ किलो चिप्स निघतात आणि १०० पिनांमागे १३० किलो. ४० चा घेतला तर १०० पिनांमागे साधारण १९ किलो. फरक १११ किलोचा. बार ६५ रुपये किलो आणि चिप्स ३० रुपये किलो धरले (तुमच्या बाजारातला भाव टाकून बघा), तर ३५ रुपये फरकाने ३,८८५ रुपये भंगारात गेले.

वेळही मोजा. हायस्पीड स्टीलचं टूल, २४० आरपीएम आणि ०.२ मिमी फीड धरलं तर २०० मिमीच्या एका पासला ४ मिनिटांच्या थोडं वर लागतं. ५० वरून ३८ वर यायला तीन रफ आणि एक फिनिश पास लागतो. ४० वरून एक रफ, एक फिनिश. म्हणजे पिनेमागे दोन पास वाचले आणि १०० पिनांमागे १३ तासांच्या वर मशीन मोकळं झालं. दीड दिवसाचं काम आहे हे.

एक काळजी घ्या. काळा बार पूर्ण गोल किंवा पूर्ण सरळ नसतो. प्रत्येक बाजूला १ मिमी माल ठेवला तर एवढ्या आखूड पिनेला पुरतो. लांब शाफ्ट असेल तर जास्त ठेवावा लागेल. बारीक साइज घेण्याच्या नादात पिनेवर काळे डाग राहिले तर पूर्ण जॉबच भंगार होतो, आणि ते जास्त महाग पडतं.

सगळ्यात मोठी बचत मालात आहे, विजेत नाही

हे बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून आकडे देतो. साधं पोलाद कापायला एका घन मिलिमीटरला ढोबळमानाने ३ ज्यूल ऊर्जा लागते. त्या हिशोबाने १ किलो चिप्स काढायला प्रत्यक्ष कटिंगची वीज फक्त ०.१ युनिटच्या आसपास जाते. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे १ किलो चिप्स कापण्यामागे ७० ग्रॅम.

आता तेच १ किलो पोलाद कारखान्यात तयार होताना जगाच्या सरासरीने सुमारे १.९ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. भारतात त्याहून जास्त. बघा, कुठं ७० ग्रॅम आणि कुठं जवळजवळ दोन किलो! चिप्स भंगारात जाऊन पुन्हा वितळतात, त्यामुळे सगळंच वाया जात नाही हे खरं. पण वितळवायला पुन्हा वीज लागते, वाहतूक लागते, आणि तुम्हाला निम्माच भाव मिळतो. म्हणून प्लॅनिंगमध्ये पहिला नंबर मालाचा. बार बरोबर निवडा, कटिंगचा हिशोब आधी करा, उरलेले तुकडे साइज लिहून रॅकवर ठेवा. नाव-साइज नसलेला तुकडा शेवटी भंगारातच जातो.

आणखी एक गोष्ट. ऑर्डर घेताना गिऱ्हाईकाला विचारा, "दादा, हा व्यास कशात बसणार आहे?" ट्रॉलीच्या पिनेला बेअरिंगच्या सीटसारखं माप लागत नाही. गरज नसताना घट्ट टॉलरन्स पाळला तर पास वाढतात आणि रिजेक्शनही वाढतं. जिथं माप खरंच महत्त्वाचं आहे, तिथंच जीव लावा.

ऑपरेशनचा क्रम असा लावा

एक साधा नियम आहे. ज्या ऑपरेशनमध्ये जॉब बिघडण्याची भीती जास्त, ते जमेल तेवढं आधी करा. पूर्ण फिनिश झालेल्या पिनेत आडवं छिद्र मारताना ड्रिल सरकलं तर त्या पिनेवर खर्च झालेला माल, वीज, टूल, वेळ, सगळंच गेलं. रफ टर्निंगनंतर जिगमध्ये ड्रिल केलं आणि मग फिनिश पास मारला, तर बिघडलेला जॉब लवकर कळतो आणि छिद्राच्या कडेला आलेली बरही फिनिश पासमध्येच निघते. फक्त फिनिश पासला टूल त्या छिद्रावरून जाणार आहे, तेव्हा तिथं फीड हलकं ठेवा.

दुसरं, एका सेटिंगमध्ये जेवढं बसेल तेवढं बसवा. १०० पिनांचं फेसिंग एकदम, मग १०० चं रफ टर्निंग एकदम, असं केलं की सेटिंग कमी वेळा बदलावं लागतं.

तिसरं, फर्स्ट पीस. पहिला जॉब पूर्ण करून मोजा आणि शक्य असेल तर गिऱ्हाईकाला दाखवा. मगच उरलेले ९९ सुरू करा.

स्पीड: १० टक्के कमी, टूलचं आयुष्य दुप्पट

फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने वर्षानुवर्षं धातू कापून १९०७ साली आपले निष्कर्ष मांडले. टूलचं आयुष्य आणि कटिंग स्पीड यांचं त्याचं सूत्र आजही आयटीआयपासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत शिकवतात. त्याचा मतलब आपल्या भाषेत असा, की स्पीड थोडा वाढवला तर टूल खूप लवकर मरतं.

हायस्पीड स्टीलच्या टूलला स्पीड १० टक्के कमी केला तर आयुष्य साधारण २.३ पट होतं. कार्बाइड इन्सर्टला साधारण दीडपट. मग एकदम हळू चालवायचं का? तसंही नाही. स्पीड फार कमी केला तर मशीन जास्त वेळ चालतं, त्याची वीज वाढते आणि फिनिश खराब येतं. मधला मार्ग काढा. स्पीड टूलच्या बॉक्सवर किंवा तक्त्यात दिलेल्या मर्यादेत ठेवा आणि वेळ वाचवायचा असेल तर आधी डेप्थ वाढवता येतो का बघा, मग फीड, आणि शेवटी स्पीड. घासलेले इन्सर्ट फेकू नका. कार्बाइडमध्ये टंगस्टन आणि कोबाल्ट असतं, त्याला भंगारात वेगळा आणि चांगला भाव आहे. एका डब्यात साठवा.

कुलंट: पाट की ठिबक?

आपल्या जळगाव जिल्ह्याला ठिबक समजावून सांगायची गरज नाही. केळीला पाटाने पाणी दिलं की निम्मं वाया जातं, ठिबकने मुळाशी पोचतं. मशीनिंगमध्येही तसंच आहे. पंप लावून मिनिटाला काही लिटर कुलंट सोडणं म्हणजे पाट. दुसरी पद्धत, हवेबरोबर तेलाचा बारीक फवारा थेट कटिंगच्या जागी मारायचा. त्याला एमक्यूएल म्हणतात आणि त्यात तासाला साधारण १० ते १०० मिलिलिटर तेल पुरतं. मोठ्या सीएनसी कारखान्यांत हे चालतंच. छोट्या वर्कशॉपला पहिल्या दिवशी त्याची गरज नाही, पण तत्त्व लक्षात ठेवा: जिथं लागतं तिथं, लागतं तेवढंच.

- कास्ट आयर्न बहुतेक वेळा कोरडंच कापतात. कुलंट टाकलं तर काळा चिखल होतो.
- पितळ, गनमेटलचे बुशही बऱ्याचदा कोरडे होतात.
- पोलादाला, विशेषतः ड्रिलिंग आणि टॅपिंगला, कुलंट किंवा कटिंग ऑइल हवंच.

आता कुलंट टिकवायचं कसं? पहिलं, आधी पाणी घ्या आणि ढवळत ढवळत त्यात तेल ओता. उलट केलं तर मिश्रण फुटतं. दुसरं, साध्या टर्निंगला ५ टक्क्यांच्या आसपास म्हणजे २० लिटर पाण्याला १ लिटर तेल पुरतं, डब्यावरची सूचना वाचा. अंदाजाने ओतू नका. हजार-दोन हजारांत हातातलं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, ते घ्या. तिसरं, आपल्या बोअरचं पाणी जड असेल तर कुलंटवर साका धरतो. जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा. चौथं, मशीनच्या स्लाइडचं तेल गळून कुलंटवर तरंगतं. त्या थराखाली हवा जात नाही, जंतू वाढतात, आणि सोमवारी सकाळी शटर उघडलं की कुजका वास येतो. शनिवारी संध्याकाळी वरचं तेल काढून घेतलं तर तेच कुलंट कितीतरी जास्त दिवस चालतं. कामगाराच्या हाताला खाज, पुरळ येण्याचं एक मोठं कारणही हेच नासकं कुलंट असतं. तुमच्या माणसाचे हात ही तुमचीच जबाबदारी आहे.

वीज: कापताना कमी, रिकामी फिरताना जास्त

एमआयटीचे टिमोथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मोटार उद्योगातल्या एका मशीनिंग लाइनची आकडेवारी मांडली. एकूण विजेतली जास्तीत जास्त १५ टक्क्यांच्या आत वीज प्रत्यक्ष कापायला जात होती. बाकीची पंप, हायड्रॉलिक आणि मशीन नुसतं चालू ठेवायला. आपल्या साध्या लेथचा आकडा एवढा टोकाचा नसेल, पण सवय तीच असते: जॉब मोजताना, चहा पिताना, फोनवर बोलताना मोटर चालूच.

समजा, रिकामा लेथ ०.७ किलोवॅट ओढतो आणि दिवसाला अडीच तास रिकामा फिरतो. वर्षाला ३०० दिवस धरले तर ५२५ युनिट होतात. ९ रुपये युनिटने ४,७२५ रुपये. दोन लेथ असतील तर दुप्पट. याला उपाय फक्त एक बटण आहे.

कॉम्प्रेसर असेल तर रात्री वर्कशॉप बंद करताना टाकी भरून दाब लिहून ठेवा. सकाळी बघा किती उतरला. पूर्ण रिकामी झाली असेल तर कुठंतरी गळती आहे. साबणाचं पाणी लावून शोधा. दाब गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. १ बार कमी केला तर कॉम्प्रेसरची वीज ६-७ टक्क्यांनी घटते. नवीन मोटर घेताना आयई ३ दर्जाची मागा. हे सगळं झाल्यावर मग छतावरच्या सोलरचा विचार करा. गळक्या टाकीला मोठा पंप लावण्यात अर्थ नाही.

चिप्स आणि जळकं तेल: इथे कायदा आहे

चार ड्रम ठेवा: लोखंड, कास्ट आयर्न, पितळ-गनमेटल, ॲल्युमिनियम. पितळेच्या चिप्समध्ये लोखंड मिसळलं की भंगारवाला लोखंडाचा भाव लावतो. ड्रमच्या खाली जाळी आणि ट्रे ठेवा, निथळलेलं कुलंट गाळून परत टाकीत जाईल.

जळकं तेल मात्र भंगार नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात येतं. ते साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नसतं, नोंद ठेवायची असते आणि अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं असतं. वीटभट्टीला जाळायला, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून देणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण ते बरोबर नाही. झाकणाचा ड्रम, खाली सिमेंटचा कोबा, वर छप्पर आणि एक वही, एवढ्यापासून सुरुवात करा. एकट्याचं तेल न्यायला कुणी येत नसेल तर शेजारच्या चार वर्कशॉप-गॅरेजवाल्यांनी मिळून रिसायकलरला एकाच दिवशी बोलवा. आपापली नोंद आणि पावती मात्र प्रत्येकाने वेगळी ठेवा.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांची रंगांप्रमाणे वर्गवारी करतं. नुसतं टर्निंग-ड्रिलिंग वेगळं आणि त्याला प्लेटिंग, ॲसिडने धुणं, हीट ट्रीटमेंट जोडलं की वेगळं. इलेक्ट्रोप्लेटिंग तर लाल वर्गात येतं. त्यामुळे प्रोजेक्ट रिपोर्ट लिहितानाच ठरवा की कोणती प्रक्रिया स्वतः करायची आणि कोणती परवाना असलेल्याकडून करून घ्यायची. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावला आहे. मशीन आणण्याआधी तिथे आपला वर्ग तपासून घ्या.

याचा धंद्याला फायदा काय?

आज तुमचं गिऱ्हाईक ट्रॉलीवाला आहे. उद्या जळगाव, नाशिक किंवा संभाजीनगरच्या कंपनीचं काम मागायला जाल. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना आता पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो. युरोपने तर पोलाद आणि नट-बोल्टसारख्या वस्तूंवर कार्बनचा हिशोब लावला आहे. ही विचारणा वरून खाली झिरपत तुमच्यासारख्या व्हेंडरपर्यंत येते. त्या दिवशी ज्याच्याकडे वही आहे, त्याचं बोलणं पुढे सरकतं.

केंद्र सरकारची झेड योजना यासाठीच आहे. झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट, म्हणजे मालात दोष नको आणि पर्यावरणावर परिणाम नको. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या आहेत. ब्राँझची फी १०,००० रुपये ठेवलेली आहे आणि सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सबसिडी आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते आणि ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. अर्ज करताना पोर्टलवर चालू नियम बघून घ्या.

या आठवड्याचं काम

मशीन असो वा नसो, एक कोरा कागद घ्या. ओळखीच्या वर्कशॉपमधला कोणताही एक जॉब निवडा आणि त्याची प्रोसेस शीट लिहा:

१. कच्च्या मालाचं वजन, तयार जॉबचं वजन आणि दोन्हींतला फरक
२. ऑपरेशनचा क्रम आणि प्रत्येकाला लागणारी मिनिटं
३. कोणतं टूल, किती आरपीएम, किती फीड
४. कुलंट लागतं का, लागत असेल तर कोणतं आणि किती
५. मशीन रिकामं किती वेळ फिरतं
६. चिप्स आणि तेल शेवटी कुठं जातं

पहिल्या ओळीतला फरक कच्च्या मालाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त निघाला तर बारची साइज पुन्हा बघा. सहाव्या ओळीसमोर "मागच्या बाजूला" असं लिहावं लागत असेल, तर ड्रम आणि कोब्याचा खर्च आजच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये टाका. मशीनच्या मानाने ती रक्कम किरकोळ असते आणि कर्ज मंजूर होतानाच त्यात बसून जाते. नंतर खिशातून काढायची म्हटलं की राहूनच जातं.

शीट लिहून झाली की फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन शीट घेऊन आपण जॉबचा रेट कसा काढायचा ते बघू.